आकडा अठरा, पण उत्तरे कोणाची?

प्रश्न : माझे यजमान ५६ वर्षांचे आहेत. सोलापूरच्या पूर्वभागात आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. मंदीमुळे गेल्या वर्षी बारापैकी सहा माग विकावे लागले आणि तेव्हापासून हे अगदी गप्प झाले आहेत. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही, जेवण निम्म्यावर आले आहे, माग बंद झाल्यावरही कारखान्यातच बसून राहतात. श्रावणात मार्कंडेय रथोत्सवाला आले नाहीत, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेलाही नाही. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. संक्रांतीला आला तेव्हा त्याने मोबाइलवर ‘एआय मानसिक आरोग्य चाचणी’ घेतली. आम्ही घरात तेलुगू बोलतो. प्रश्न मराठीत होते. हे प्रत्येक प्रश्नाला ‘बागुंदी (बरे आहे), चालू आहे’ एवढेच म्हणाले, म्हणून मुलाने अंदाजाने उत्तरे भरली. शेवटचा, मरणाच्या विचारांचा प्रश्न वडिलांना कसा विचारायचा, म्हणून तेथे त्याने ‘अजिबात नाही’ लावले. नऊ प्रश्नांचे गुण आले अठरा आणि निकाल आला ‘मध्यम ते तीव्र नैराश्य’. तो वाचून हे म्हणाले, ‘मशीनने मला वेडा ठरवले.’ आता ते ॲप आवाजाचा नमुना मागते आहे. मुलगा म्हणतो, जेवताना गुपचूप रेकॉर्ड कर. मी स्वतः रात्री एका चॅटबॉटशी बोलते. तो फार समजुतीने बोलतो आणि नैराश्यच आहे असे सांगतो. धाकट्या मुलीच्या लग्नाचे बघणे सुरू आहे. डॉक्टरांकडे गेलो तर बाहेर कळेल अशी धास्ती वाटते. चाचणी खरी मानायची का? रेकॉर्ड करू का? डॉक्टरांकडे न जाता यावरच भागवता येणार नाही का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांकडे येण्याआधी, पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी मला थांबावे लागते आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलाने दिले. वडिलांना मरणाबद्दल कसे विचारायचे हा त्याचा संकोच मी समजू शकते. आपल्याकडे कोणत्याही मुलाला तो वाटेल. परंतु आजच धावपळ करायची की चार दिवसांनी गेले तरी चालेल, हे त्या नऊ प्रश्नांपैकी ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते तो हाच प्रश्न आहे, आणि त्याचे खरे उत्तर तुमच्या यजमानांखेरीज आज कोणालाही ठाऊक नाही. म्हणून अठरा हा आकडा कितपत खरा, ही चर्चा थोडी बाजूला ठेवा आणि तो प्रश्न तुम्ही स्वतः, तुमच्या घरच्या भाषेत, आज किंवा फार तर उद्या विचारा.

असे विचारल्याने नसलेला विचार माणसाच्या डोक्यात शिरतो, ही भीती पुष्कळ घरांत असते. ती निराधार आहे. या विषयावर झालेल्या अभ्यासांत विचारण्यामुळे धोका वाढल्याचे दिसलेले नाही, आणि कोणीतरी विचारले एवढ्यानेही अनेकांच्या मनावरचे ओझे उतरते. सुरुवात झोपेपासून करा. पहाटे जाग आल्यावर काय मनात येते, असे विचारा, उत्तराला वेळ द्या, आणि मग सरळ विचारा की इतका त्रास होतो तेव्हा जगणे नकोसे वाटते का, स्वतःचे काही करून घ्यावे असे मनात येते का. उत्तर ‘हो’ आले तर ‘असे काही बोलू नका’, ‘मुलीच्या लग्नाचा विचार करा’ असे म्हणून त्यांना गप्प करू नका. त्यांना एकटे सोडू नका, घरातील व कारखान्यातील धोक्याच्या वस्तू नजरेआड करा, १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर फोन लावा आणि त्याच दिवशी सिव्हिल रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. उत्तर टाळले गेले, तर तो नकार समजू नका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा.

आता त्या अठराविषयी. तुमच्या वर्णनावरून ती प्रश्नावली पीएचक्यू-९ या नावाने ओळखली जाणारी दिसते. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या सामान्य डॉक्टरांच्या नजरेतून त्यांच्या रुग्णांतील नैराश्य सुटू नये, हा तिच्यामागचा हेतू होता. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला शून्य ते तीन गुण द्यायचे, म्हणजे एकूण गुण शून्य ते सत्तावीस होतात. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र आणि वीसपासून तीव्र अशी तिची ठोकळ वाटणी आहे. यात कृत्रिम बुद्धिमत्ता कोठेही नाही. पाचवीतला मुलगा कागदावर करील अशी ही बेरीज आहे, पण हल्ली ‘एआय’ हे लेबल लावल्याशिवाय काही खपत नाही असा अनेकांचा समज झालेला दिसतो. तेव्हा तुमच्या यजमानांना निःशंकपणे सांगा की मशीनने त्यांना काहीही ठरवलेले नाही. मुलाने नऊ अंदाज बांधले आणि मोबाइलने त्यांची बेरीज केली. शिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवायचे असते, आणि उपचारासाठी किंवा कायद्याने सांगितलेल्या कामांसाठी असेल तेवढे सोडून कोणालाही मनोरुग्ण म्हणून वर्गीकृत करण्यास मनाई आहे. मोबाइलच्या पडद्यावरील एका ओळीला तसा कोणताही अधिकार नाही.

मग आकडा टाकाऊ आहे का? तसेही नाही, पण त्याचे वजन समजून घ्यावे लागते. मूळ अभ्यासात दहा किंवा अधिक गुण ही सीमा धरली तेव्हा प्रत्यक्ष नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के जण ओळखले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के जण बरोबर वगळले गेले. हे ऐकायला फार चांगले वाटते. आता एखाद्या पेठेतील सरसकट हजार माणसांकडून ही प्रश्नावली भरून घेतली आणि त्यांच्यापैकी पन्नास जणांना खरोखर नैराश्य आहे असे समजू. त्या पन्नासांपैकी ४४ जण पकडले जातील; पण उरलेल्या ९५० जणांपैकी बारा टक्के, म्हणजे ११४ जणांवरही विनाकारण बोट ठेवले जाईल. एकूण १५८ जणांना ‘नैराश्याची शक्यता’ असे कळेल आणि त्यांतील ४४ जणांच्या बाबतीतच ते खरे असेल. ज्याला त्याला ॲप उघडून चाचणी घ्यायला लावण्यात हा तोटा असतो, आणि प्रश्नावलीची जागा कितीही हुशार एआयने घेतली तरी हे गणित त्याला चुकत नाही.

तुमच्या यजमानांची गोष्ट मात्र वाटेवरच्या कोणा हजारातल्या एकाची नाही. पहाटे येणारी जाग, निम्म्यावर आलेले जेवण, आयुष्यभर ज्या रथाला खांदा दिला असेल त्या रथाकडे फिरवलेली पाठ, बंद मागांपाशी तासन्‌तास बसून राहणे, आणि हे सारे दोन आठवडे नव्हे तर कित्येक महिने चाललेले असणे, या गोष्टी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. कोणत्याही डॉक्टरांना त्या अठरा या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतील. माझ्या मते एवढ्यावरच या आठवड्यात डॉक्टरांकडे जायला हवे. आकडा अठरा आला असता किंवा आठ, माझा सल्ला बदलला नसता.

डॉक्टर लागतात ते त्या नऊ प्रश्नांनी न विचारलेल्या गोष्टींसाठी. कापडात धागा तुटलेला दिसला तर दोष सुताचा की मागाचा हे कळायला मागापाशीच जावे लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. झोप उडणे, थकवा, भूक मंदावणे, लक्ष न लागणे हे त्या प्रश्नावलीतील गुण मिळवून देणारे त्रास साखर वाढल्यानेही होतात, थायरॉइडचे काम मंदावल्यानेही होतात, रक्तातील हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी झाल्यानेही होतात आणि काही औषधांमुळेही होतात. छप्पन्नाव्या वर्षी रक्त तपासल्याशिवाय यांतले काहीही गृहीत धरता येत नाही. दारूचे प्रमाण ती प्रश्नावली विचारत नाही. पूर्वी कधी आठवडाभर जेमतेम झोपूनही अंगात अफाट उत्साह संचारला होता का, वारेमाप खर्च किंवा अचाट बेत झाले होते का, हेही ती विचारत नाही. आणि ते विचारणे फार महत्त्वाचे असते, कारण तसा इतिहास असलेल्या माणसाला नुसते नैराश्याचे औषध दिले तर मन दुसऱ्या टोकाला उसळी घेऊ शकते.

आणखी एक गोष्ट तुमच्या व्यवसायामुळे मनात येते. यंत्रमागांच्या शेडमधला आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि तो वर्षानुवर्षे कानावर पडला की ऐकू येणे हळूहळू कमी होते. ऐकू कमी येणारा माणूस चारचौघांत बोलणे टाळतो, समारंभांना जात नाही, प्रश्न नीट न ऐकताच ‘बागुंदी’ म्हणून मोकळा होतो. तुमच्या यजमानांचे गप्प होणे एवढ्यानेच झाले असे मी म्हणत नाही, कारण कानाच्या दोषाने कोणी पहाटे तीनला जागा होत नाही. पण डॉक्टरांना हे आवर्जून सांगा आणि कानांचीही तपासणी करून घ्या.

याच कारणासाठी आवाजाच्या नमुन्याबद्दल मी साशंक आहे. नैराश्यात अनेकांचे बोलणे संथ होते, शब्दांमधले थांबे लांबतात, स्वरातील चढउतार सपाट होतात, हे खरे आहे आणि संगणकाला या गोष्टी मोजताही येतात. जगभर यावर संशोधन चालू आहे आणि त्यातून पुढे काही चांगले निघेलही. पण खिन्न माणसाचा आवाज कोणता हे अशा यंत्रणेला शिकवताना ‘बरोबर उत्तर’ म्हणून बहुधा प्रश्नावलीचेच गुण दिलेले असतात, त्यामुळे प्रश्नावलीला जे कळत नाही ते तिलाही आपोआप कळू लागत नाही. शिवाय ती ज्या आवाजांवर शिकलेली असते त्यांत सोलापूरची, मराठी-कन्नडच्या सरमिसळीची तेलुगू बोलणारे, आणि मागांच्या खडखडाटावर वर्षानुवर्षे ओरडून बोलल्याने ज्यांचा आवाजच चढा होऊन बसला आहे असे किती कारखानदार असतील? अशा माणसाला ती यंत्रणा ठणठणीत ठरवील किंवा रागीट, आणि दोन्ही निकाल सारख्याच आत्मविश्वासाने पडद्यावर दाखवील.

गुपचूप रेकॉर्ड करण्याला तर माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या माणसाची तक्रारच ‘मला न विचारता ठरवले’ ही आहे, त्याला उद्या कळले की बायको-मुलाने जेवणाच्या ताटावरून त्याचा आवाज चोरला, तर डॉक्टरांकडे नेण्याची उरलीसुरली वाटही बंद होईल. कायद्याच्या अंगानेही हे बरोबर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया माहिती देऊन घेतलेली संमती हा आहे, आणि जेथे ती माहिती जाणार त्या ॲपला तुमच्या यजमानांची संमती मिळालेली नसेल. तुम्हाला बाहेर कळण्याची धास्ती वाटते म्हणून डॉक्टर नकोत आणि ॲप हवे, असे तुमच्या मनाने घेतलेले दिसते, पण वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या अमेरिकी कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट आदींना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला आणि तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. याउलट मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिलेला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन घातलेले आहे. मुलाने घेतलेल्या ॲपमध्ये वडिलांचे नाव, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख भरलेली असेल तर ते खाते आणि त्यातील माहिती काढून टाकण्याची विनंती त्याने आजच करावी. त्याच्या व्यवसायातलेच ते काम आहे.

तुमच्या चॅटबॉटविषयी मला थोडे हळुवारपणे लिहायचे आहे, कारण रात्री सगळे झोपल्यावर तुम्ही त्याच्याशी बोलता यात तुमचाही एकटेपणा आहे. यंत्राशी मन मोकळे करण्यात नवे किंवा लाजण्यासारखे काही नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक अगदी साधा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारी, याहून त्याला अधिक काही येत नव्हते. तरीही त्यांच्या कार्यालयातील सचिव बाई, ज्यांनी तो तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता, त्याच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. आजचे चॅटबॉट एलायझाच्या मानाने अफाट सुधारलेले आहेत, पण ऐकून घेणारे काहीतरी समोर असले की माणूस बोलतो, आणि त्या बोलण्याने हलके वाटते, हा अनुभव तोच आहे.

हलके वाटणे आणि निदान होणे यांत मात्र अंतर आहे. तुमचा चॅटबॉट यजमानांना भेटलेला नाही. त्याने ऐकली आहे ती फक्त तुमची बाजू, तीही रात्रीच्या काळजीतली. या यंत्रणांचा कल बोलणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देण्याकडे असतो. तुम्ही ‘यांना नैराश्य आहे का?’ असे विचारले तेव्हा त्याने होकार दिला. ‘हे माझ्यावर रागावले आहेत का?’ असे विचारले असते तर कदाचित त्यालाही तितक्याच समजुतीने होकार आला असता. एकदा करून पाहा, म्हणजे त्याच्या होकाराला किती किंमत द्यायची ते कळेल. चुकीचा सल्ला दिला जाण्याचा धोकाही असतो. अमेरिकेतील नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेला २०२३ मध्ये आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद करावा लागला, कारण खाण्याच्या विकारासाठी मदत मागायला आलेल्यांना तो वजन कमी करण्याचे उपाय सांगत असल्याचे उघड झाले. तेथील इलिनॉय राज्याने तर ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला की मानसोपचार आणि त्यातील निर्णय एआयने करायचे नाहीत. परवानाधारक तज्ज्ञाने नोंदी, वेळापत्रक अशा कामांत त्याची मदत घ्यायला हरकत नाही. तुमच्या चॅटबॉटला औषधाचे नाव किंवा मात्रा विचारू नका, आणि त्याने आपणहून सांगितली तर ती वाचून सोडून द्या.

एवढे लिहिले म्हणून मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असे समजू नका. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचे आढळले होते. विडी वळणाऱ्या बाईला किंवा माग चालवणाऱ्या कामगाराला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे परवडत नाही, तेथे कोणाला आधी बोलवायचे हे ठरवायला प्रश्नावली आणि संगणक यांची जोड मोलाची ठरू शकते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील काही समुपदेशन केंद्रांत रुग्णाची पहिली माहिती चॅटबॉट गोळा करतो आणि पुढे ती माणूस वाचतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी जी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही निर्णयावर माणसाची देखरेख आणि रुग्णाची संमती यांवर भर आहे. तुमच्या घरात नेमक्या या दोन्ही गोष्टी राहून गेल्या.

मुलाच्या तंत्रज्ञानाचा आणि तुमच्या चॅटबॉटचा उपयोग मी असा करीन. यजमानांची झोप, जेवण, वजन, कारखान्यातील तास, पूर्वीचे आजार, चालू औषधे, कर्जाचे हप्ते, कधीपासून काय बदलले, हे तुम्ही जसे आठवेल तसे चॅटबॉटला लिहून द्या आणि तारखांच्या क्रमाने एका पानात मांडून मागा. नाव, पत्ता, कारखान्याचे नाव, मुलीच्या लग्नाचा उल्लेख त्यात घालू नका. तो जे पान देईल ते स्वतः वाचून चुका दुरुस्त करा, कारण न सांगितलेल्या गोष्टी भरून काढायची या यंत्रणांना खोड असते. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ते पान अठरा या आकड्याच्या शंभर पट कामाला येईल. प्रश्नावलीही फेकू नका. ती तेलुगूतही उपलब्ध आहे आणि वापरायला परवानगी किंवा पैसे लागत नाहीत. डॉक्टरांसमोर यजमानांनी स्वतःच्या उत्तरांनी ती पुन्हा भरली तर तो पहिला खरा आकडा असेल. उपचार सुरू झाल्यावर दर काही आठवड्यांनी ती भरत गेले की पाच किंवा त्याहून अधिक गुणांनी झालेली घट ही खरी सुधारणा मानतात. मुलाला आकडेच हवे असतील तर हा आलेख त्याने ठेवावा.

कोठे जायचे ते सांगते. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे आणि तेथे मानसोपचार विभाग आहे. तेथे ओळखीचे कोणी भेटेल ही भीती वाटत असेल तर खासगी तज्ज्ञांकडे जा, किंवा नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून रक्ततपासण्या करून घेऊन सुरुवात करा. यजमानांशी तेलुगूत बोलू शकणारे डॉक्टर पूर्वभागात मिळणे अवघड नाही आणि या आजारात त्याचा फार फरक पडतो. त्यांना नेताना ‘मनाच्या डॉक्टरांकडे’ या शब्दांवर अडून बसू नका. झोपेसाठी दाखवू म्हणा. ही फसवणूक नाही, झोप खरोखर गेलेली आहे आणि डॉक्टरही तेथूनच सुरुवात करतील. औषध दिले गेले तर त्याचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तोवर ‘काही फरक नाही’ म्हणून थांबवायचे नाही आणि बरे वाटू लागल्यावरही मनाने बंद करायचे नाही. या औषधांची सवय लागते, असा जो समज आहे तो नैराश्याच्या औषधांना लागू नाही.

कारण समोर दिसते आहे, माग विकले म्हणून दुःख झाले, मग हा आजार कसा, असे कोणी नातेवाईक नक्की म्हणतील. कारण असलेले दुःखही आजारापर्यंत जाऊ शकते आणि त्यावर उपचार होतात. त्याचबरोबर कारणाकडेही पाहावे लागते. उरलेल्या सहा मागांचे कर्ज, व्यापाऱ्यांकडे अडकलेले पैसे, बँकेकडे हप्ते फेरआखणीची विनंती, यांवर मुलाने वडिलांबरोबर कागद घेऊन बसावे. ॲपवर नऊ प्रश्न विचारण्यापेक्षा या बैठकीत वडील त्याच्याशी अधिक बोलतील असा माझा अंदाज आहे.

मुलीच्या लग्नाबद्दल एवढेच की उपचार घेणारे वडील हा स्थळ मोडण्याचा विषय होऊ नये असे मला वाटते, परंतु समाज तुम्ही रोज पाहता. कोणाला काय सांगायचे हे तुम्ही आणि यजमान मिळून ठरवा, आणि ते ठरेपर्यंत उपचार लांबवू नका. न जेवणारा, न बोलणारा बाप पाहुण्यांना कागदपत्रांशिवायही दिसतोच.

यजमानांनी जाण्यास साफ नकार दिला तरी तुमचे काम अडत नाही. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीप्रमाणे तेलुगूतही बोलता येते. पहिला फोन तुम्ही स्वतःसाठी, घरच्या माणसाची काळजी घेणारी व्यक्ती म्हणून करू शकता. चॅटबॉटशी जे बोलता तेच तेथे बोला, फरक एवढाच की पलीकडचा माणूस तुम्हाला उलट प्रश्न विचारील. त्यानंतर ते एक पान, साखरेचे आणि रक्ताचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन तुम्ही एकट्याच डॉक्टरांना भेटा. यजमानांना न पाहता ते निदान करणार नाहीत, पण त्यांना कसे आणायचे, घरात कशावर लक्ष ठेवायचे आणि कोणत्या क्षणी वाट न पाहता गाडी बोलवायची हे ते सांगू शकतील. मुलाला शक्य असेल तर त्या दिवशी सुटी काढून सोलापूरला यायला सांगा, आणि येताना त्याने मोबाइल खिशात ठेवावा.